रात्री दोन वाजता उघडायचं पुस्तक

आमच्या घरी दोन पुस्तकं वाचायची नसत, 'बघायची' असत. एक पंचांग आणि दुसरं स्पॉक. मुहूर्त हवा तर पंचांग बघ. मूल रडतंय, जुलाब होताहेत, दात शिवशिवताहेत, तर स्पॉक बघ. पंचांग दरवर्षी नवं यायचं. स्पॉक मात्र एकच, आईने माझ्या जन्माआधी दादरच्या पदपथावरून जुन्यात घेतलेलं, पाठीला खाकी कागद डकवलेलं. आज ते माझ्यापुढे आहे. टेबलावर ठेवून हात काढला की आपोआप एकाच ठिकाणी उघडतं: पहिल्या तीन महिन्यांतलं रडणं. त्या पानाच्या कडेला आईच्या अक्षरात पेन्सिलीने एकच शब्द लिहिलेला आहे, 'दिवेलागणी'. तान्ही असताना मी दिवेलागणीला रडायला सुरुवात करायची, ती रात्री दहापर्यंत.

डॉ. बेंजामिन स्पॉक यांचं हे पुस्तक 1946मध्ये अमेरिकेत निघालं. बाळाची आणि मुलाची काळजी व्यवहारज्ञानाने कशी घ्यावी, असा त्याच्या नावाचा साधा अर्थ. कागदी बांधणीच्या प्रतीची किंमत पंचवीस सेंट. पुढच्या पन्नास वर्षांत त्याच्या पाच कोटींच्या आसपास प्रती खपल्या आणि चाळीसेक भाषांत ते गेलं. खपाचा आकडा सांगितला की पुस्तकाची थोरवी सांगून झाली असं नाही. मुळात बालसंगोपनाच्या पुस्तकाचं रसग्रहण करायचं, हेच अनेकांना विचित्र वाटेल. औषधाच्या बाटलीवरच्या सूचनेत कसला आलाय रस? पण हे पुस्तक मी तीनदा वेगवेगळ्या वयांत वाचलं, आणि दर वेळी मला वाटलं की याच्या माहितीने आईला जेवढं तारलं, त्याहून जास्त याच्या सुराने तारलं. माहिती जुनी झाली, काही तर चुकीची ठरली. सूर मात्र अजून ताजा आहे. तो नेमका कशाने साधला, ते मला इथे उलगडून बघायचं आहे.

त्यासाठी स्पॉकच्या आधी आईबापांशी कोण कसं बोलत होतं, ते ऐकायला हवं. डॉ. ल्यूथर एमेट होल्ट यांचं 1894चं पुस्तक अमेरिकेतल्या सुशिक्षित घरांत दोन पिढ्या प्रमाण मानलं गेलं. त्यात प्रश्न आणि उत्तरं होती, धर्मशिक्षणाच्या पोथीसारखी. दूध घड्याळाच्या काट्यावर, झोप काट्यावर, आणि मूल उगाच रडत असेल तर त्याला रडू द्यावं. मग 1928मध्ये मानसशास्त्रज्ञ जॉन वॉटसन यांचं पुस्तक आलं. मुलांना कवटाळू नये, त्यांचे मुके घेऊ नयेत, मांडीवर बसू देऊ नये. फारच वाटलं तर झोपताना कपाळावर एकदा ओठ टेकवावेत आणि सकाळी हस्तांदोलन करावं, असा त्यांचा सल्ला. ते पुस्तक त्यांनी, सुखी मूल वाढवून दाखवणाऱ्या पहिल्या आईला अर्पण केलं आहे. हे वाचलं तेव्हा मला गलबलून आलं. म्हणजे तोवरच्या सगळ्या आया नापास! अशा पुस्तकाने दारातच सांगून टाकलेलं असतं: तुम्हाला काही येत नाही, आम्ही सांगतो तसं करा.

स्पॉक त्याच होल्ट यांच्या शिस्तीत वाढलेले. त्यांची आई कडक, मुलांची झोप, हवा, आहार सगळं पुस्तकाबरहुकूम. केळं पचत नाही म्हणून कित्येक वर्षं वर्ज्य. आपल्याकडे जे फळ दात नसलेल्या तोंडात कुस्करून घालतात, ते त्या घरात मोठेपणीची चैन होतं. पुढे मुलगा उंचापुरा झाला, 1924च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये वल्हवणाऱ्या आठ जणांच्या चमूतून सुवर्णपदक घेऊन आला, डॉक्टर झाला. मग त्याने एक गोष्ट केली, जी त्या काळी बालरोगतज्ज्ञ करत नसत: बालरोगाबरोबर मनोविश्लेषणाचंही शिक्षण घेतलं. न्यूयॉर्कच्या दवाखान्यात दहा वर्षं तो आयांचं म्हणणं ऐकत बसला. पुस्तकातली वाक्यं त्या खुर्चीत तयार झालेली आहेत.

सुरुवातीचं पानच बघा. बाळंतपणाचं सामान, दुपट्यांची संख्या, दुधाची मापं हे सगळं नंतर. पहिल्यांदा लेखक वळतो तो आईबापांकडे, आणि त्यांना सांगतो की तुमच्या आतल्या शहाणपणावर भरवसा ठेवा, ते तुम्हाला वाटतं त्याहून पुष्कळ आहे. पहिलं प्रकरण मुलाबद्दल नाहीच, ते भीतीबद्दल आहे. शेजारीण एक सांगते, सासू दुसरं, मासिकात तिसरंच छापलेलं, नर्स चौथं बजावते. या गलबल्यात नवी आई कशी भेदरून जाते, याचं चित्र तो आधी काढतो. बाळ हातात येण्याआधी तो आईचा हात हातात घेतो. मला वाटतं, आमच्याकडच्या जाणत्या सुईणीही हेच करत असणार. पोट तपासण्याआधी पाठीवर हात.

हा सूर लिहून आलेला नाही, बोलून आलेला आहे, आणि हे शब्दशः खरं आहे. 1943पासून पुढे संध्याकाळी स्पॉक खोलीत येरझाऱ्या घालत बोलत आणि पत्नी जेन टंकलेखन यंत्रावर उतरवून घेई. वाक्य अडलं की तिने विचारायचं, याचा अर्थ काय, आणि त्यांनी पुन्हा सोपं करून सांगायचं. पुढे जेनने उघडपणे म्हटलं की या पुस्तकात आपला वाटा मोठा होता, आणि पानं वाचताना मला तो ठायी ठायी ऐकू येतो. वाक्यं आखूड आहेत. वैद्यकीय शब्द आला की लगेच घरगुती शब्द त्याच्या शेजारी येऊन बसतो. 'करावे', 'करू नये' अशी विध्यर्थी क्रियापदं क्वचित. 'बहुतेक मुलं असं करतात', 'काही करत नाहीत, तेही ठीकच' असा ओघ. एखादा सल्ला देऊन झाला की, हे जमलं नाही तर आकाश कोसळत नाही, असं सुचवणारं एक उपवाक्य हळूच मागून येतं. ही उपवाक्यं म्हणजे या पुस्तकाचा प्राण. ती काढून टाकली तर माहिती सगळी शिल्लक राहील आणि पुस्तक मरेल.

पुस्तकाची घडणही तशीच. सलग प्रकरणं वाचत बसायला तान्ह्या बाळाच्या आईला वेळ कुठला? म्हणून छोटे छोटे तुकडे, प्रत्येकाला क्रमांक, प्रत्येकाला बोलता मथळा. आणि शेवटी शब्दसूची. ती स्पॉकनी स्वतः केली, नौदलातल्या नोकरीच्या दिवसांत, रात्री जागून. सूची करणं हे हमाली काम समजलं जातं, पण या पुस्तकात ती मला कलाकृतीच्या तोडीची वाटते, कारण आई घाबरली असताना कोणत्या शब्दाने शोधेल हे तिथे ओळखलेलं आहे. ती रोगाच्या नावाने शोधत नाही, ती 'पुरळ' बघते, 'हिरवी शी' बघते, 'उचकी' बघते. रात्री दोन वाजता, एका हातात रडतं मूल आणि दुसऱ्या हातात पुस्तक धरून, अंगठ्याने पानं उलटणारी बाई त्या सूचीकाराला दिसत होती.

आता ते रडण्याचं पान. संध्याकाळचं, पोटात कळ आल्यासारखं, पाय पोटाशी घेऊन केलेलं रडणं. आपल्याकडे त्याला उपाय फार: हिंगाचं बोट बेंबीभोवती, ओव्याच्या पुरचुंडीचा शेक, दृष्ट काढणं. स्पॉक कारणांची यादी देतात, मग मोकळेपणाने सांगतात की मूळ कारण कुणालाच नीट ठाऊक नाही, आणि बहुधा तीन महिन्यांत हे आपोआप थांबतं. एवढं सांगून थांबले असते तर ते चांगले डॉक्टर ठरले असते. पण परिच्छेद इथे वळण घेतो. लेखक बाळाला पाळण्यात सोडून आईकडे पाहतो. इतका वेळ रडणाऱ्या जिवाचा आईला रागही येतो, आणि राग आला म्हणून स्वतःची लाज वाटते, हे तो तिच्या वतीने बोलून टाकतो. आठवड्यातून एकदोनदा बाळ कुणाकडे तरी सोपवा आणि बाहेर पडा, मैत्रिणीकडे जा, सिनेमाला जा, असं सांगतो. बाळाच्या कळीवरचा उपाय म्हणून आईने सिनेमाला जायचं! या पानावर त्या एका शब्दाखेरीज माझ्या आईने पेन्सिलीने काही खूण केलेली नाही. पण 'दिवेलागणी' हा शब्द ज्या ओळीशेजारी लिहिला आहे, ती ओळ रडण्याबद्दलची नाही, आईच्या थकव्याबद्दलची आहे. हे मला स्वतः आई झाल्यावर दिसलं.

आमच्याकडे बाळंतिणीला दीड महिना शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, तेल लावायला बाई. या रीतीत आईची काळजी होतीच, पण तिच्या मनाबद्दल बोलायला शब्द नव्हता. रडू आलं तर 'बाळंतिणीने डोळ्यांतून पाणी काढू नये, डोळे जातात' एवढंच. स्पॉकच्या अमेरिकेत उलट: युद्धानंतर जोडपी शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेली, आजी दूर राहिली, आणि रात्री विचारायला कुणी नाही. पुस्तक त्या आजीच्या जागी जाऊन बसलं. आज पुण्यातल्या तेराव्या मजल्यावर आणि न्यू जर्सीतल्या मराठी घरात तीच जागा पुन्हा रिकामी आहे. फोनवर माहितीचा पूर आहे, पण तो बहुतेक वेळा भीती वाढवतो, कारण प्रत्येक लक्षणाच्या टोकाला त्याने सगळ्यात वाईट शक्यता टांगलेली असते.

जेवणाच्या प्रकरणात एक गोष्ट आहे, ती मी आजवर कितीतरी आयांना सांगितली. डॉ. क्लारा डेव्हिस यांनी 1920च्या दशकात काही बाळांवर एक प्रयोग केला. आठ-दहा महिन्यांची, तोवर फक्त आईचं दूध प्यालेली मुलं. त्यांच्यापुढे निरनिराळ्या वाट्या मांडल्या: भाज्या, फळं, अंडी, धान्य, मांस, दूध. सगळं साधं, फार प्रक्रिया न केलेलं. नर्सला सक्त ताकीद, की मुलाने हात पुढे केल्याशिवाय मदत करायची नाही, आग्रह करायचा नाही, तोंडावर नाराजी दाखवायची नाही. मग स्पॉक दृश्य रंगवतात: एक बाळ बीटाच्या वाटीत मूठ घालतं, खातं, पुन्हा घालतं. कुणी एखादा दिवस एकाच पदार्थावर ताव मारतं, मग त्याकडे ढुंकून बघत नाही. एकेका जेवणाचा हिशेब केला तर सगळं वेडंवाकडं. दीर्घ मुदतीचा केला तर मुलं छान वाढली, आहार समतोल निघाला. ही गोष्ट सांगताना त्यांचा आवाज कथाकाराचा होतो. ते निष्कर्ष आधी ठेवत नाहीत, आधी बीटाने लाल झालेली मूठ दाखवतात. नंतर अर्थातच एक पथ्य सांगतात, ज्याकडे घाईत वाचणाऱ्याचं दुर्लक्ष होतं: वाट्यांमध्ये काय ठेवायचं हे मोठ्यांनीच ठरवलेलं होतं. बिस्किटं आणि साखर त्या ताटात नव्हतीच. मुलाला मोकळीक आहे ती वाटी निवडण्याची.

काऊचा घास, चिऊचा घास भरवताना आपण नेमकं काय करतो, याचा विचार मी या पानानंतर केला. पहिल्या चार घासांपर्यंत तो खेळ असतो, मूल हसतं. पाचव्या घासाला मूल तोंड फिरवतं आणि तरी आपण पक्षी बदलत राहतो. आता पक्ष्यांच्या जागी मोबाइल आला. पडदा बघत मूल तोंड उघडतं, आणि पोट भरल्याचं पोटाने दिलेलं निरोपपत्र कुणीच वाचत नाही.

सगळ्यात देखणं लेखन मात्र एक वर्षाच्या मुलाबद्दलचं. नुकतं चालायला लागलेलं मूल विजेच्या दिव्याच्या वायरीकडे झेपावतं. बाप खोलीच्या दुसऱ्या टोकाला वर्तमानपत्र वाचतोय. तो तिथूनच ओरडतो, 'नको!' मूल थांबतं, वडिलांकडे बघतं, पुन्हा वायरीकडे बघतं. स्पॉक इथे क्षणभर मुलाच्या डोक्यात शिरतात. लांबून आलेला तो दरडावणीचा आवाज मुलाला आव्हानासारखा वाटतो: ऐकून भित्रा व्हायचं, की हात घालून शूर व्हायचं? पाच फुटांवरून पाच वेळा ओरडण्यापेक्षा उठावं, मुलाला उचलावं, दुसरीकडे न्यावं आणि त्याच्या हातात काहीतरी द्यावं, जुनं मासिक, सिगारेटचं रिकामं पाकीट. पाकिटाशी आपण अडखळतो, आणि अडखळायलाच हवं. त्या काळच्या दिवाणखान्याचा धूर त्या ओळीत अडकून राहिला आहे. पण दृश्य किती नेमकं! वर्तमानपत्र खाली न ठेवता केलेलं बापपण त्यात चार वाक्यांत पकडलं आहे. ओरडणं वाईट, असं कुठेही म्हटलेलं नाही. फक्त उठण्याचे कष्ट कुणी टाळले, हे दिसतं. शिवाय घर मुलाच्या वयाप्रमाणे मांडा, हा त्यांचा आग्रह आहे. फुटणारं सारं वर जाऊ द्या, खालचा कप्पा त्याचा, त्यात लाकडी चमचे, डबे, पेले.

हे वाचताना मला नेहमी चरकसंहिता आठवते. शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायात बाळाच्या खेळण्यांबद्दल एक छोटा उतारा आहे. खेळणी रंगीबेरंगी, आवाज करणारी, सुंदर असावीत. जड नसावीत, टोकदार नसावीत, तोंडात जातील अशी नसावीत, जिवावर बेततील किंवा घाबरवतील अशी नसावीत. आज दुकानातल्या खोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली सूचना चरकाने इतकी सुटसुटीत मांडली होती. आणि लगेच पुढे: मूल रडतंय, खात नाही, म्हणून त्याला राक्षस-पिशाचांची, पूतनेची नावं घेऊन भिववू नये. ज्या संस्कृतीत हे इतक्या आधी लिहिलं गेलं, तिथे 'बागुलबुवा येईल', 'पोलीस नेईल' हे आपण अजून म्हणतो. चरक आणि स्पॉक दोघांनाही मुलाच्या भीतीची चिंता आहे. स्पॉकनी तीत मोठ्यांच्या भीतीची भर घातली.

पुस्तकात न पटणारंही आहे, आणि ते बारीकसारीक नाही. बाळाला सुरुवातीपासून, नाहीतर काही महिन्यांत तरी वेगळी खोली, आणि रात्री आईबापांच्या बिछान्यात घेण्याची सवय नको, हा सल्ला आमच्या दीड खोलीत आईने मनावर घेतला नाही. समासात फुली आहे, मोठी. वरचं अन्न सुरू करण्याचं वय जुन्या आवृत्त्यांत आजच्यापेक्षा फार लवकरचं; आज जागतिक आरोग्य संघटना पहिले सहा महिने केवळ आईचं दूध सांगते. आईच्या प्रतीत मूल सर्वत्र 'तो' आहे, आणि सांभाळणारी फक्त आई, बाप मदतनीस. स्त्रियांनी यावर कडाडून टीका केली तेव्हा स्पॉक ऐकत बसले आणि 1976च्या चौथ्या आवृत्तीत त्यांनी पुस्तक वाक्यावाक्यातून बदललं: मूल 'ती'ही झालं, आणि बाप निम्म्या जबाबदारीचा धनी. दुसरीकडे, लाडावून ठेवणारा डॉक्टर म्हणूनही त्यांच्यावर खापर फुटलं. व्हिएतनाम युद्धाला त्यांनी उघड विरोध केला तेव्हा राजकारण्यांनी आणि धर्मोपदेशकांनी त्यांच्याच पुस्तकावर वाढलेली पिढी बिघडली म्हणून ओरड केली. ज्यांनी पुस्तक उघडलं, त्यांनी असं म्हणायला नको होतं. 1957च्या आवृत्तीत आईबापांनी ठाम राहायला हवं, हे किती वेळा आलंय! वायरीपाशी बाप उठतो, तो मुलाला वायर देण्यासाठी नाही.

एक चूक मात्र फार जड आहे. पन्नाशीच्या दशकातल्या आवृत्तीपासून स्पॉकनी बाळाला पालथं झोपवण्याचा सल्ला दिला. कारणं वरकरणी समंजस: उताण्या बाळाला उलटी झाली तर ती श्वासात जाईल, आणि एका बाजूने डोकं चपटं होईल. डोक्याच्या आकाराची काळजी आपल्याकडेही आहेच, त्यासाठी राईची उशी. पण पुढे संशोधनातून स्पष्ट झालं की पालथं झोपवल्याने झोपेत अचानक मृत्यू येण्याचा धोका वाढतो. 1994मध्ये अमेरिकेत बाळाला पाठीवर झोपवा अशी मोहीम सुरू झाली आणि अशा मृत्यूंचं प्रमाण पुढच्या काही वर्षांत निम्म्यावर आलं. तो सल्ला देणारे स्पॉक एकटे नव्हते, पण त्यांचा आवाज सगळ्यात घराघरांत पोहोचलेला होता, आणि तो विश्वासाचा आवाज होता. म्हणूनच हे मला लागतं. इतका प्रेमळ सूर चुकीच्या गोष्टीलाही खरेपणा देऊ शकतो, हे या पुस्तकाचं रसग्रहण करणाऱ्याने विसरून चालणार नाही. पुढच्या आवृत्त्यांत सल्ला बदलला गेला. 1998मध्ये स्पॉक गेले, तरी इतर डॉक्टरांनी पुस्तक दुरुस्त करणं चालू ठेवलं आहे. 2018मध्ये दहावी आवृत्ती आली.

माझ्या भाचीला आता सातवा महिना लागलाय. तिला मी नवी आवृत्ती दिली. ती म्हणाली, "मावशी, मला आजीचं हवं. पेन्सिलवालं." दोन दिवस मी ते हातावेगळं करू शकले नाही. मग झोपेचं पान काढलं, पालथं झोपवण्याच्या परिच्छेदावर शाईच्या पेनाने आडवी रेघ मारली आणि समासात मोठ्या अक्षरांत लिहिलं: 'उताणं. सपाट, घट्ट गादी. उशी नको, राईचीसुद्धा नाही.' आईच्या पेन्सिलीशेजारी माझी निळी शाई जरा भडक दिसते. सिगारेटच्या पाकिटाच्या जागी 'स्टीलचा डबा' लिहिलं. रडण्याच्या पानाला हात लावला नाही.